टोपी काढलेली बंदूक

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरी, आंजीला, पाळण्याच्या बरोबर वर भिंतीत दोन खुंट्या होत्या आणि त्या खुंट्यांवर एक भरलेली बंदूक आडवी टांगलेली असे. भाचीच्या बारशाला गेले तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट पाहिली. बायका पाळणा म्हणत होत्या, घुगऱ्या वाटणं चाललं होतं, कुणीतरी माझ्या लग्नाचा विषय काढून मला टोमणे मारत होतं, आणि माझं लक्ष काही केल्या त्या नळीवरून हटेना. नळीचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. त्या दारातून माझी बहीण दिवसभर ये-जा करत असे.

मी काही बंदुकीला भिणारी बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकते. कॉलेजात खाकी कपडे घालून परेड करायला लागायची, तिथे रायफल हातात आली आणि मग सुटली नाही. सत्तरचं दशक संपत होतं. वर्ध्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी नोकरीला होते आणि दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबात जायचे. सिंदी मेघेच्या आमच्या गल्लीत मला त्यावरून काय काय नावं होती ती मला माहीत होती, आणि मी ती ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे. सांगायचं इतकंच, की टांगलेली बंदूक पाहून मला धसका बसला तो अडाणीपणामुळे नव्हे. मला माहीत होतं म्हणूनच बसला.

बहिणीच्या सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची, म्हणून मीही मामाजीच म्हणायचे. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे धूसर झालेला, तंबाखू मळत हळू बोलणारा माणूस. तो पाळणा त्यांनी स्वतः बसून करवून घेतला होता, सागाचा, आणि कडेला कुठे कुसळ लागू नये म्हणून हातानं घासला होता. त्यांच्या मायेबद्दल मला कधीच शंका नव्हती.

"मामाजी, थे भरलेली हाय काय?" मी विचारलं.

"भरलेलीच राहते ना वं. डुक्कर काय सांगून येते?"

"आन् खाली लेकरू झोपते!"

"टोपी काढली हाय तिची." त्यांनी बंडीच्या खिशातली तंबाखूची डबी काढून हलवून दाखवली. आत तंबाखूसोबत तांब्याच्या चिमुकल्या टोप्या वाजल्या. "टोपी नाई तं झोपली हाय थे. तू काऊन एवढी भेतं?"

ही गावाकडची भरमार बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि लोखंडी गजानं सगळं ठोकून बसवायचं. मागे घोड्याखाली एक बारीक भोकाची नळी असते, तिच्यावर शेवटी ती टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते. पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून अशी बंदूक त्या भागात कितीतरी घरांत होती. एकदा भरली की ती रिकामी करायला सोपा मार्ग एकच, बार काढणं. डुक्कर आलंच नाही, तर दारू फुकट कोण घालवणार? मग टोपी तेवढी काढायची आणि बंदूक तशीच खुंटीवर ठेवायची. मामाजींच्या वडिलांनी हेच केलं होतं, आणि त्या घरात त्यामुळे कधी काही वाईट झालेलं नव्हतं. तेच तर भीतीचं कारण होतं.

मी मुलीकडची. मुलीकडच्यांनी मुलीच्या सासरी जाऊन खुंटीवरची वस्तू हलवायला सांगणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी बहिणीला बाजूला घेतलं, तर ती हसली. "ताई, तुले एक्स्चेंजमधी बसून बसून डोक्यात घंट्या वाजून राह्यल्या," म्हणाली आणि पोरीला छातीशी धरून त्याच दारातून आत गेली.

तेव्हा मी मनाशी ठरवलं की सासऱ्यांना बदलता येणार नाही, पण जवायाला शिकवता येईल. बहिणीचा नवरा हौशी होता. टेरिलीनचा शर्ट, पट्ट्याचं घड्याळ, कुठल्याही नव्या गोष्टीला नाही म्हणायचं नाही. मामाजींची नजर गेल्यामुळे बंदूक आज ना उद्या त्याच्याच हाती यायची होती. मी त्याला क्लबात बोलावलं. वरून आमंत्रण हौसेचं, पण माझा खरा मतलब एकच होता: हत्यार उघडून पाहायची सवय त्याच्या हाताला लागावी आणि त्या हातांबरोबर ती आंजीच्या घरात जावी.

श्रावणातल्या एका उघाडीच्या रविवारी तो मोटारसायकलवर आला. आमची रेंज म्हणजे गिट्टीची एक बंद पडलेली खदान. समोर कापलेल्या टेकडीची उभी भिंत, तिच्या पायथ्याशी मातीचा उंच बांध, बांधापुढे लाकडी चौकटी, आणि चौकटींवर खळीनं चिकटवलेले कागद. अलीकडे जमिनीवर जाड दऱ्या, म्हणजे सतरंज्या, आणि वाळूच्या पिशव्या. नेमबाजी चालू असली की बांबूवर लाल फडकं चढवायचं. पावसानं खदानीच्या तळाशी हिरवं पाणी साचलेलं असे, आणि गोळी सुटली की आवाज त्या पाण्यावरून जाऊन भिंतीला लागून परत येई, थोडा उशिरा. नव्या माणसाला वाटायचं की पलीकडूनही कुणीतरी गोळी झाडली.

"तिकडं कोन हाय?" जवायानंही विचारलंच.

"कोणी नाई. तुमचाच आवाज हाय."

रेंजचा सगळा कारभार एका निवृत्त फौजी माणसाकडे होता. आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. तो हिंदी-मराठीची खिचडी बोलायचा आणि कोणाचाही मुलाहिजा ठेवायचा नाही. त्यानं जवायाला आधी रायफलला हातच लावू दिला नाही. बोल्ट मागे ओढून उघडी रायफल त्याच्यासमोर धरली आणि म्हणाला, "बोट घालो अंदर. काय लागते?"

"काईच नाई."

"मग बोलो, खाली."

"खाली," जवाई हसत म्हणाला.

"हसून नाही. जोरसे."

हा रेंजचा नियमच होता. नेमबाजी थांबली की प्रत्येकानं बोल्ट उघडायचा, डोळ्यानं पाहायचं, आत करंगळी घालून चाचपायचं, मोठ्यानं "खाली", म्हणजे रिकामी, असं म्हणायचं, आणि मगच रायफल दरीवर ठेवून उठायचं. उठताना रायफल हातात घ्यायची नाही. तिचं तोंड बांधाकडेच राहिलं पाहिजे, मग ती उघडी असो, तुटलेली असो, की आणखी काही.

दरीवर पालथं पडताना त्यानं आधी शर्टाची काळजी केली. मी म्हटलं, शर्ट धुता येतो, पडा. डावं कोपर पुढे कसं घ्यायचं, दस्ता खांद्याच्या खळगीत कसा दाबून धरायचा, मागच्या खाचेतून नळीच्या टोकावरची माशी कशी मधोमध आणायची, ते दाखवलं. श्वास अर्धा सोडून तिथेच थांबायचं. चाप झटक्यानं ओढायचा नाही, लिंबू पिळतो तसा दाबत न्यायचा, कधी सुटली ते आपल्यालाही कळता कामा नये.

त्याच्या पहिल्या गोळ्या कागदाला लागल्याच नाहीत. भरमारीची सवय. ती छर्रे फेकते, डुकराच्या दिशेनं तोंड केलं की काम भागतं. इथे एकच बारीक गोळी, आणि ती जिथे पाठवाल तिथेच जाणार. तो चिडला, आणि मग त्याला चवच लागली. पुढचे रविवार तो माझ्याआधी हजर असायचा. काळ्या वर्तुळात भोकं पडायला लागली तेव्हा ते कागद घडी करून खिशात घालून घरी न्यायचा, बायकोला दाखवायला. मला मनापासून आनंद व्हायचा. वाटायचं, जमतंय.

फक्त ते उघडून पाहणं त्याला पटत नव्हतं. करायचा, पण थट्टेवारीनं.

"ताई, आताच तं मी गोळी सोडली. मले माहीत नाई काय आत काय हाय थे?"

"माहीत असून चालत नाई. पाहा लागते."

"आन् आमच्या बंदुकीत उघडाले हाय काय? नळीत डोकं घालू?"

"गज टाका," मी म्हटलं. "नळीच्या बाहेर धरून बोटानं खूण करा, मग आत टाका. खुणेपर्यंत आत गेला तं खाली. मधीच अडला तं भरलेली हाय."

"टोपी काढली की झालं ना, ताई," तो हसून म्हणाला, अगदी बापासारखा.  आपण इतके रविवार काय शिकवलं, असं वाटून गेलं.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी बहीण पोरीला घेऊन आमच्याकडे आली होती. नवऱ्याचा नेम पाहायचा म्हणून तीही रेंजवर आली. मी तिला दऱ्यांच्या बऱ्याच मागे, लिंबाखालच्या बाकावर बसवलं. पोर मांडीवर झोपली होती. आभाळ भरून आलं होतं, आणि खदानीतलं पाणी सकाळ असूनही काळं दिसत होतं.

जवाई रंगात होता. बायको मागे बसलेली, त्यामुळे गोळी सोडली की लगेच बोल्ट मागेपुढे करून दुसरी तयार. एवढ्यात टेकडीच्या कडेला बकऱ्या दिसल्या आणि उस्ताद ओरडला, "थांबो! सब थांबो!" बाकीच्यांनी बोल्ट उघडले. "खाली, खाली" असे आवाज आले. जवायानं रायफलच्या पोटातली गोळ्यांची मॅगझीन काढून दरीवर ठेवली. आणि तो उठला, रायफल हातात घेऊन उठला, आणि मागे वळून बायकोला हाक मारली, "पाह्यलं काय वं?"

नळीचं तोंड त्याच्याबरोबर वळलं. बाकावरून गेलं, परत आलं, आणि तिथेच थांबलं.

मी बाजूच्या दरीवर होते. उठून दोन्ही हातांनी मी ती नळी खाली दाबली. तोंडातून काय निघालं ते सगळ्या खदानीनं ऐकलं आणि दुसऱ्यांदा भिंतीनं मला परत ऐकवलं. "बहीण मारता काय माही? लेकरू मारता काय? अक्कल काय खुंटीले टांगून आले?"

"मॅगझीन काढली ना मी!" तोही ओरडला. "खाली हाय थे!"

उस्तादनं त्याच्या हातातून रायफल घेतली, बांधाकडे वळवली आणि बोल्ट मागे ओढला. पिवळं काडतूस उडालं, दरीवर पडलं आणि घरंगळत जवायाच्या बुटाशी जाऊन थांबलं. त्यानं मॅगझीन काढली होती, म्हणजे त्याच्या हिशेबानं टोपी काढली होती. नळीत बसलेली गोळी तिथेच होती.

बाकावर पोर जागी झाली होती आणि लिंबाच्या फांद्यांकडे पाहत होती. बहिणीला काही कळलंच नव्हतं. ती नवऱ्याकडे पाहून हसत होती.

जवायानं काडतुसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, मग लाल झाला. चारचौघांत, तेही एका बाईनं, तेही आकडसासूनं, बायकोच्या थोरल्या बहिणीनं, त्याची अक्कल काढली होती. त्यानं बायकोला आणि पोरीला मोटारसायकलवर बसवलं आणि आमच्या घरी न येता तसाच आंजीला निघून गेला.

मला त्या ओरडण्याचा तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही आणि आजही होत नाही. पण त्याची शिक्षा झाली, आणि ती नको त्या माणसाला झाली. महालक्ष्म्यांना बहिणीला माहेरी पाठवलं नाही. गावातल्या कुणाकडून तरी निरोप आला, पोरीची तब्येत बरी नाही. आईनं दोन्ही महालक्ष्म्या एकटीनं बसवल्या आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

"जवाई हाय थो," ती शेवटी म्हणाली. "जवायाले कोनी असं बोलते काय?"

"गोळीले काय समजते आई, कोन जवाई आन् कोन कोनाची पोरगी?"

"तुले काई समजत नाई," आई म्हणाली.

माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती खुंटी यायची. आता तर त्या घरात बोलायलाही मला जागा राहिली नव्हती. ज्वारी पोटऱ्यात येत होती, भुईमूग भरत होता, म्हणजे डुकरांचे दिवस, म्हणजे बंदूक भरलेली. एक्स्चेंजमध्ये माझ्या समोरच्या बोर्डावर आंजीची एकच लाइन होती, पोस्टातली. ती वाजली की बाकीच्या लाइन सोडून मी तीच आधी घ्यायचे. बहुतेक वेळा कुणीतरी कापसाचा भाव विचारायला व्यापाऱ्याचं घर मागत असे. मी लाइन जोडून द्यायचे आणि पुढचं काम सुचायचं नाही.

दसरा आला. आईनं पोरीसाठी झबलं, बहिणीसाठी लुगडं आणि आपट्याची पानं पिशवीत भरली आणि ती माझ्याच हातात दिली. "तूच तोडलं, तूच जोड," एवढंच म्हणाली. सकाळच्या एस.टी.नं मी आंजीला उतरले.

दारावर झेंडूचं तोरण होतं. जवाई शिडीवर उभा राहून ते बांधत होता. मला पाहिलं, खाली उतरला आणि मागच्या अंगणात निघून गेला. मामाजींनी मात्र तोंड भरून स्वागत केलं. माझ्या आवाजाच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाले, "बरं झालं आली. नातीचा पह्यला दसरा हाय." रुसवेफुगवे त्यांच्या गावी नव्हते.

माजघरात पाट मांडला होता. त्यावर विळे, कुऱ्हाड, वखराची पास, तासणी, आणि सगळ्यांच्या मधोमध धुऊन तेल लावलेली बंदूक. दस्ता भिंतीकडे, तोंड माणसांकडे. त्या घरात बंदुकीला कुंकू तोंडावर लावायची रीत होती. तिथे देवी बसते म्हणायचे. खुंट्या रिकाम्या होत्या आणि त्यांच्याखाली पाळणाही रिकामा, म्हणून मला क्षणभर बरं वाटलं.

बहीण पाटासमोर बसली होती, पोर मांडीवर. तिनं सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं. शेवटी पुढे झुकून नळीच्या तोंडाला बोट लावलं, मग कपाळ टेकवलं. मी दाराशी उभी होते.

"मामाजी," मी विचारलं, "सकाळी बार काढला ना?"

त्या घरची दुसरी रीत मला बहिणीकडून ठाऊक होती. दसऱ्याच्या पहाटे गावाच्या शिवेवर जाऊन बंदुकीचा एक बार आभाळात काढायचा, घरी येऊन नळी धुवायची, आणि मगच पूजा. म्हणजे दरवर्षी पूजेला बसलेली बंदूक आपोआप रिकामी असायची. कुणी तसा विचार करून रीत पाडली होती की नाही, कोण जाणे.

"नाई ना," मामाजी म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला. "यंदा नाई काढला. पोट्टी दचकते वं बाराले. पोयाले कोनी सुतळी बाम फोडला तं रातभर रडली. मी म्हटलं, राहू द्या यंदा. वरूनच धुतली, आन् टोपी काढली."

मी आत आले. "मामाजी, तिचं तोंड फिरवा. आधी गज टाकून पाहा."

"आता पूजा मांडली, आता गज टाकते काय कोनी? टोपी काढली हाय म्हणलं ना." त्यांनी नेहमीसारखी डबी वाजवून दाखवली. "आन् तू पाव्हनी हायस. बस."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच विनवलं, आज नको. मामाजी पाटाच्या बाजूला सरकले, त्यांनी चाचपत बंदुकीचा घोडा मागे ओढून ठेवला आणि त्याच्याखाली, टोपी बसते त्या बारीक तोंडापाशी, कापराची वडी ठेवली. कापूर तिथेच जाळायचा. त्यांचे वडील तिथेच जाळत. "आणजो पोट्टीले पुढं," ते सुनेला म्हणाले. "आरती झाली की तिचं डोकं टेकवू." बहीण पोरीला घेऊन नळीसमोर आणखी जवळ सरकली.

मी पुढे व्हायच्या आत मागच्या दारातून जवाई आत आला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.  वाकला आणि अख्खा पाट, विळ्या-कुऱ्हाडीसकट, फुलांसकट, गरकन फिरवला. बंदुकीचं तोंड मातीच्या भिंतीकडे झालं. एक विळा खाली पडला. मग बहिणीला दंडाला धरून त्यानं मागे ओढलं, जरा जोरातच.

"काऊन फिरवलं बे?" मामाजींना आवाजावरून कळलं. "देवीनं पाठ फिरवली म्हनतीन लोकं!"

"तोंड तिकडंच राहीन," जवाई म्हणाला.

"काऊन पन?"

"आमच्या उस्तादानं सांगतलं हाय." माझं नाव त्यानं मुद्दाम घेतलं नाही. त्या वेळी त्यानं कुणाचंही नाव घेतलं असतं तरी मला चाललं असतं. "आता थांबा बाबा, गज आनतो मी."

तो गज आणायला वळला. पण मामाजींच्या हातात काडी पेटलेली होती, मुहूर्त चालला होता, आणि मुलाच्या बोलण्यानं ते दुखावले होते. मी "थांबा" म्हणून ओरडेपर्यंत काडी कापराला लागली. कापूर पेटला. निळसर ज्योत लोखंडाला चिकटून उभी राहिली, वडी वितळली आणि जळतं पाणी त्या बारीक भोकाकडे सरकलं. जवायानं बायको-पोरीला जमिनीवर पाडलं आणि स्वतः वर पडला. मी मामाजींना बंडीला धरून मागे ओढलं. काहीच झालं नाही. मामाजी म्हणाले, "अरे, पागल झाले काय सारे..."

मग बार झाला.

बंद माजघरात तो आवाज कसा होता ते मला सांगता येणार नाही. पाट उलटला. दारूचा कडवट धूर छतापर्यंत गेला, दिवा विझला, आणि वरून मातीचे पोपडे पडत राहिले. कानात शिटी वाजत होती आणि सगळ्यांची तोंडं नुसती हलताना दिसत होती. पोर रडत होती हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. बहिणीनं तिचे हात, पाय, पोट, डोकं चाचपून पाहिलं, मग पुन्हा चाचपलं. दोघी धड होत्या. मी भिंतीला टेकून बसले आणि मोठ्यानं रडले, कुणाला ऐकू येत नव्हतं म्हणून जास्तच.

धूर निवळला तेव्हा भिंतीत भोक दिसलं. भोवती छर्ऱ्यांनी चाळण झाली होती आणि आत पलीकडच्या गोठ्याचा उजेड दिसत होता. जमिनीपासून फारसं उंच नव्हतं ते. नमस्काराला वाकलेल्या माणसाचं कपाळ जिथे येतं, तिथे.

जवाई उठला. त्यानं बंदूक उचलली नाही. आधी पडल्या जागीच तिचं तोंड भिंतीकडे आहे ना ते पाहिलं. मग गज आणला, नळीच्या बाहेर धरून बोटानं खूण केली, आत टाकला. गज पूर्ण आत गेला. तरी त्यानं तो काढून पुन्हा टाकला. आणि मग ज्या घरात बाकी कुणाला त्या शब्दाचा रेंजवरचा अर्थ माहीत नव्हता, तिथे तो मोठ्यानं म्हणाला, "खाली!"

माझ्याशी तो त्या दिवशीही बोलला नाही. दिवाळीत बोलला. आणि बंदूक त्यानं त्याच आठवड्यात ठाण्यात नेऊन जमा केली, ती परत आणली नाही.

पण मला आठवतात ते मामाजी. दुपारी सोनं वाटायला गावातली माणसं येत-जात होती, भोक पाहत होती, आणि ते पाळण्याशी बसून होते. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून नातीच्या कपाळावरून बोटं फिरवत होते. भुवईपासून केसांपर्यंत, पुन्हा भुवईपासून. दुसऱ्या हातात तंबाखूची डबी घट्ट धरलेली होती. मी आपट्याचं पान द्यायला वाकले, तर त्यांनी ते घेतलंच नाही. माझ्याकडे तोंड करून विचारलं, "टोपी तं म्या काढली होती ना वं?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा पोरीचं कपाळ चाचपलं आणि पुन्हा तेच विचारलं.